नियमाप्रमाणे पुरलेलं उकरताना

मार्च २०२१ मध्ये अण्णांच्या प्लॉटला गिऱ्हाईक मिळालं. जून २०२५ मध्ये प्लॉट एकदाचा हस्तांतरित झाला, तोही भलत्याच गिऱ्हाइकाला. मधली चार वर्षं आम्ही बहीण-भाऊ अण्णांच्या कारखान्यातल्या कीटकनाशकानं बिघडलेली माती आणि पाणी निस्तरत होतो. त्या दिवसांत रात्री दोन-दोन वाजता मी मोबाइलवर मराठीत काही सापडतंय का बघायचे. सापडायचं ते इंग्रजीत, आणि तेही बड्या कंपन्यांच्या उपयोगाचं. वडिलांचं असं एखादं शेड ज्यांच्या गळ्यात आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी बँकेत नोकरी करते, रसायनशास्त्र बारावीनंतर सुटलं. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी, आणि तुमच्या जागेचं काय करायचं ते जाणकाराला विचारूनच ठरवावं.

अण्णांचं युनिट खानदेशातल्या एका एमआयडीसीत, दोन हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर. १९७९ ते २००४. आम्ही कारखाना म्हणायचो, पण खरं तर ती गिरणीच. टेक्निकल बीएचसी, म्हणजे कीटकनाशकाचा काहीही न मिसळलेला मूळ माल, बाहेरून यायचं. ते शंखजिऱ्याच्या पुडीत दळून दहा टक्क्यांची पावडर करायची, पंचवीस किलोच्या गोण्या भरायच्या, शिवायच्या आणि कपाशीच्या हंगामाआधी दुकानदारांकडे रवाना करायच्या. जोडीला मिथाइल पॅराथिऑनची दोन टक्के पावडर, जिला सगळं गाव फॉलिडॉल म्हणायचं. १ एप्रिल १९९७ पासून देशात बीएचसीवर बंदी आली. त्यानंतरची सात वर्षं अण्णांनी दुसऱ्या पावडरी करून रेटली, मग कुलूप लावलं. २०१८ मध्ये ते गेले.

पहिल्या गिऱ्हाइकाला तिथे मसाल्याचं पॅकिंग करायचं होतं. त्यांच्या बँकेनं अट घातली, जागेची पर्यावरण तपासणी करून आणा. मला वाटलं दोन सह्यांचं काम असेल. पुण्याच्या सल्लागारांनी समजावलं, की याचे टप्पे असतात. पहिल्यात, म्हणजे 'फेज वन'मध्ये, काहीही खणत नाहीत. जुने परवाने, नकाशे, लाइट बिलं बघतात, जागा फिरतात, माणसांशी बोलतात. खर्च साठ हजार. एप्रिल ते जून करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले, आणि जुलैमध्ये आम्ही सतरा वर्षांनी शेडचं शटर उघडलं.

वास तसाच होता. ओलं गोणपाट कुजल्यासारखा, त्यात थोडं डांबरगोळीचं काहीतरी. अण्णांच्या शर्टाला यायचा तोच. भाऊ बाहेर जाऊन उभा राहिला. सल्लागारांनी मला मास्क दिला आणि नंतर अहवालात लिहिलं, 'शेडमध्ये उग्र वास जाणवला'. बस, एक ओळ.

आता पहिली आणि माझ्या मते सर्वांत कामाची सूचना: जुन्या कामगारांना शोधा, आणि खणायच्या आधी शोधा. सल्लागारांनी नकाशावर पाच ठिकाणी फुल्या मारल्या होत्या. लोडिंगचा ओटा, दळायच्या यंत्राची जागा, गटाराचं तोंड वगैरे. सगळं तर्काला धरून. मी गोडाऊन सांभाळणाऱ्या तात्यांना रिक्षा करून घेऊन आले. वय पंच्याहत्तरच्या आसपास, गुडघे गेलेले. ते लिंबाखाली स्टुलावर बसले, फुल्यांकडे पाहिलंही नाही. "आठे काही नही," म्हणाले आणि काठीनं मागच्या कुंपणाचा कोपरा दाखवला. "परत उनेल माल तठे गाडेल शे, ताई."

बंदी आल्यावर दुकानदारांनी माल परत केला होता. फाटक्या गोण्या, रिकामी पोती, फरशीवरची झाडलोट, सगळं त्या कोपऱ्यात पुरलं होतं. खड्डा पुरुषभर खोल. वर एक शेवगा लावला होता, तो जगला नाही.

हे ऐकल्यावर मला अण्णांचा राग आला. तो बरेच दिवस टिकला. मग त्यांच्या फायलींत कीटकनाशक नियम, १९७१ ची छापील प्रत सापडली. त्यातल्या ४४व्या नियमाखाली त्यांनी पेन्सिलनं रेघ ओढली होती. वापरलेली वेष्टनं बाहेर टाकून देऊ नयेत, म्हणजे कोणी ती पुन्हा वापरणार नाही. ती मोडून-फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असा त्याचा आशय. अण्णांनी वेष्टनांबरोबर मालही पुरला, ते नियमात कुठेच नव्हतं. शिवाय १९९७ साली जिथे वस्ती नव्हती तिथून ऐंशी पावलांवर आज शेतमजुरांच्या खोल्या आहेत. राग तेवढ्यानं गेला नाही, पण त्याला एकच एक तोंड उरलं नाही.

'फेज टू' म्हणजे प्रत्यक्ष नमुने. पावसात आमच्या काळ्या मातीत गिरमिट फिरवून बघितलं. दोन फुटांवर असं रुतलं की तिघांनी ओढून काढलं. म्हणून फेब्रुवारी २०२२ उजाडला. वर काळी माती, दहा-बारा फुटांखाली मुरूम, त्याखाली खडक. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिला वळीव त्या भेगांतून वरचं सगळं खाली धुऊन नेतो. चिकणमाती आहे, काही झिरपणार नाही, असं आम्हाला दोघा-तिघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांच्यावर विसंबू नका.

नमुने तपकिरी काचेच्या बाटल्यांत, बर्फाच्या पेटीत, सोबत कोणी कोणाला किती वाजता दिले त्याचा कागद. तो कागद हरवला तर नमुना बाद. मातीचे १४, पाण्याचे ४. प्रयोगशाळा एनएबीएलची (प्रयोगशाळा तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेलीच हवी, आणि त्या मान्यतेच्या यादीत 'मातीतील कीटकनाशकं' आहे का तेही पाहावं लागतं. आमची पहिली निवड तिथेच गळाली. एका नमुन्याला साडेसहा हजार. बोअर, पायझोमीटर, मजुरी धरून या टप्प्याचे तीन लाख चाळीस हजार झाले. पायझोमीटर म्हणजे पाणी उपसायला नव्हे, तर पातळी मोजायला आणि नमुना घ्यायला घेतलेली बारीक बोअर. किमान तीन लागतात, त्याशिवाय जमिनीखालचं पाणी कुठल्या दिशेला चाललंय ते कळत नाही.

एप्रिलमध्ये निकाल आले. तात्यांच्या कोपऱ्यात किलोभर मातीत १,८४० मिलिग्रॅम बीएचसी. सल्लागारांच्या पाच फुल्यांपैकी चार जवळपास स्वच्छ.

पाण्याचा कागद मी आधी स्वतःच वाचला आणि खूश झाले. लिंडेन ०.३ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा २. म्हणजे पास! सल्लागारांनी फोनवर विचारलं, वरची ओळ वाचली का? तिथे 'अल्फा' होतं, ०.९. अल्फाची मर्यादा ०.०१. नव्वद पट.

हे मला समजायला आठवडा लागला, तुम्हाला लवकर समजावं म्हणून सांगते. बीएचसी, म्हणजेच एचसीएच, हे एक रसायन नसून एकाच रेणूच्या वेगवेगळ्या घडणींची खिचडी आहे. कीड मारणारी घडण गॅमा, तिलाच शुद्ध रूपात लिंडेन म्हणतात, आणि टेक्निकल मालात ती जेमतेम १० ते १५ टक्के. अर्ध्याहून जास्त माल अल्फा, शिवाय बीटा आणि डेल्टा. म्हणजे शेतकऱ्यानं फवारलेल्या विषातलं बहुतेक किडीच्या कामाचं नव्हतंच, ते नुसतं मागे राहिलं. त्यातही बीटा सर्वांत चिवट. आमच्या मातीत पंचवीस वर्षांनी तीच टक्केवारीत पुढे आली होती. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे चिवट विषारी रसायनं हटवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत अल्फा, बीटा आणि लिंडेन तिन्ही गेले. तेव्हा प्रयोगशाळेला पत्र देताना 'लिंडेन' न लिहिता 'एचसीएचच्या चारही घडणी वेगवेगळ्या' असं लिहा. एका शब्दानं निकाल फिरतो.

चौथा पाण्याचा नमुना कुंपणापलीकडच्या केळीबागेतल्या विहिरीचा होता, खड्ड्यापासून १८० मीटर. अल्फा ०.०६, सहा पट. खरं तर जमिनीचा उतार उलट्या बाजूला, नाल्याकडे आहे. पण बागेची मोटर रोज आठ तास चालते, ती जमिनीखालचं पाणी आपल्याकडे ओढते.

त्या बागेच्या मालक काकांना सांगायला जाणं हे या चार वर्षांतलं सर्वांत अवघड काम होतं. भाऊ म्हणाला, आधी वकिलाला विचारू. सल्लागार म्हणाले, आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्र. शेवटी पत्र सकाळी दिलं आणि दुपारी मी बागेत गेले. काकांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. म्हणाले, "तुमचे अण्णा दर दिवाळीला डायरी द्यायचे मला." पुढे बराच वेळ काही नाही. मग विचारलं, मजूर हेच पाणी पितात, त्यांना काय सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पाण्याचे चार जार सुरू केले, महिन्याला साडेतीन हजार, ते आजही चालू आहेत. विहिरीवर 'पिण्यास अयोग्य' असा पत्रा लावला. काका त्यानंतर आठ महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर आठ वर्षं बोलले नसते.

मसाल्याच्या गिऱ्हाइकानं मे २०२२ मध्ये नम्रपणे माघार घेतली.

यापुढचं प्रकरण कागदांचं. २००४ मध्ये बंद पडलेल्या फर्मचं मंडळाकडे ऑनलाइन खातं कसं उघडणार? जुन्या संमतिपत्राचा, म्हणजे कारखाना चालवायला मंडळानं दिलेल्या परवानगीचा, क्रमांक हवा, फर्मचा पॅन हवा, भागीदार हयात हवा. आम्ही वारस दाखला, फर्म विसर्जनाचा दस्त, मालमत्तेवरची नावं आणि भावाला अधिकार देणारं मुखत्यारपत्र अशी चळत बनवली. एका कार्यालयात फाइल साडेचार महिने पडून होती. कोणतं ते सांगत नाही, कारण शेवटी तिथल्याच एका ताईंनी फोन करून नेमका कोणता कागद कमी आहे ते सांगितलं आणि काम हललं. कमी होता तो अण्णांचा मृत्यूचा दाखला. तो लावला होता, पण झेरॉक्स इतकी फिकट होती की वाचता येत नव्हती. प्रत्येक कागदाच्या पाच ठळक प्रती काढून ठेवा. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. मी एक शाळकरी वही केली होती: तारीख, कोणाला भेटले, काय म्हणाले, पुढे काय. पुढे अधिकारी बदलले तेव्हा ती वहीच उपयोगी पडली.

माती किती स्वच्छ करायची याचा आकडा तेव्हा आपल्याकडे नियमात नव्हता. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचा २०१५ चा मार्गदर्शक दस्तऐवज होता. त्याच्या आधारे, परदेशी मर्यादा ताडून, जागा उद्योगालाच वापरायची हे गृहीत धरून सल्लागारांनी आराखडा केला. जिथे जास्त आहे ती माती उचलून धोकादायक कचऱ्याच्या केंद्राकडे, जिथे थोडं आहे तिथे वर चिकणमाती आणि काँक्रीट, पाण्यावर वेगळं काम. हे सगळं मान्य होऊन हातात यायला फेब्रुवारी २०२३.

मान्सूनच्या आत खणायचंच होतं. मार्चअखेर सुरुवात, म्हणजे खानदेशातला उन्हाळा. अंगभर पांढरे सूट, तोंडावर कार्ट्रिजचा मास्क. अकरानंतर त्या पोशाखात माणूस उभा राहू शकत नाही. म्हणून पहाटे साडेपाच ते साडेदहा एवढंच काम. पाण्याचा बारीक फवारा सतत, धूळ उडता कामा नये. पण चिखल होईल इतकाही नाही, कारण ते पाणीही मग गोळा करावं लागतं. बूट तिथेच काढायचे, कपडे घरी न्यायचे नाहीत. शेजारच्या खोल्यांतली पोरं तमाशा बघायला यायची. त्यांना हटवायला एक माणूस खास ठेवला. हे काम गावातला जेसीबीवाला बोलावून उरकता येईल असा विचारही करू नका. आम्हाला तसा सल्ला मिळाला होता, 'नाल्यात टाका, कोण बघतंय' या जोडपत्रासह.

चौथ्या दिवशी पोती दिसू लागली. कुजून काळी पडलेली, पण दोन-तीन गोण्यांवर आमचं छापील कणीस अजून ओळखू येत होतं. ते बोधचिन्ह आईनं काढलं होतं. आतली पावडर पांढरीशुभ्र, काल भरल्यासारखी.

आराखड्यात ४१ टन माती धरली होती, निघाली ६८. खणत गेलं की कडेची माती तपासायची, आकडा वर आला की अजून फूटभर आत. प्रयोगशाळेचा निकाल यायला आठ दिवस, तोवर खड्डा ताडपत्रीनं झाकून, जीव मुठीत धरून आकाशाकडे बघायचं. एकदा वळीव आलाच. रात्री पंप लावून ते पाणी टाक्यांत भरलं. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हता, म्हणून तुमच्या अंदाजपत्रकात तिसरा हिस्सा 'अडचणीसाठी' ठेवा.

माती रांजणगावच्या केंद्राकडे गेली. आधी सभासद व्हावं लागतं, मग ते नमुना तपासून ठरवतात, जाळायची की घट्ट करून पुरायची. आमची मूळ पावडर आणि तिला लागून असलेली ९ टन माती भट्टीत गेली, टनाला चोवीस हजारांनी. उरलेली ५९ टन सुरक्षित भूभरावात, म्हणजे विष झिरपू नये म्हणून अस्तर घातलेल्या खड्ड्यात, साडेसहा हजारांनी. पाच ट्रक, प्रत्येकी बेचाळीस हजार. प्रत्येक ट्रकबरोबर फॉर्म १० चं चलन, म्हणजे कचरा कोणी पाठवला, कोणी नेला, कोणी घेतला त्याचा कागद, सात रंगांच्या प्रतींचं: पांढरी, पिवळी, गुलाबी, केशरी, हिरवी, निळी, राखाडी. पाठवणाऱ्यानं सांभाळायची ती पिवळी. त्या पाच पिवळ्या प्रती मी लॅमिनेट करणार होते. सल्लागारांनी थांबवलं, म्हणाले शिक्का खरा आहे हे दिसलं पाहिजे. ट्रक तिकडे पोहोचल्याची खात्री केल्याशिवाय मी एकाही रात्री झोपले नाही. वाटेत उलटला तर नाव आपलंच.

पाण्याचं काम रटाळ आहे आणि म्हणूनच लांबलं. खड्ड्याजवळच्या बोअरमधून पाणी उपसून दाणेदार कार्बनच्या दोन टाक्यांतून न्यायचं, तपासून मग वापरायचं. कार्बन विष धरतो, पण धरून भरला की तोही धोकादायक कचरा. त्याचं पुन्हा चलन. दर तीन महिन्यांनी नमुने. अल्फा खड्ड्याजवळ ०.९ वरून सप्टेंबर २०२३ मध्ये ०.४ झाला. मग पावसाळ्यानंतर पातळी चढली आणि आकडा पुन्हा ०.६. त्या दिवशी भाऊ आणि मी फोनवर कडाडून भांडलो. खडकाच्या फटींत जे बसलंय ते पाणी चढलं की सुटतं, असं होणारच, हे सल्लागारांनी आधी सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नव्हतं. एका आकड्यावर हर्ष-खेद करू नका, वर्षभराचा कल बघा. डिसेंबर २०२४ पर्यंत ०.०८ वर आला.

जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या बंद कारखान्यातला ३३७ टन कचरा बारा कंटेनरमधून पीथमपूरला गेला, ती बातमी सगळीकडे होती. त्यानंतर ओळखीतला प्रत्येक जण मला विचारायचा, "तुमचंही तसलंच का?" नाही. पण एक गोष्ट त्या बातम्यांतून बहुतेकांच्या नजरेतून सुटली: गेला तो गोळा करून ठेवलेला कचरा. तिथली माती आणि जमिनीखालचं पाणी जागेवरच आहे. ६८ टनांसाठी माझे केस पांढरे झाले. तिथल्या लोकांचं काय होत असेल याचा विचार करवत नाही.

एकूण खर्च जीएसटी धरून सत्तावीस लाखांच्या घरात. भावाच्या मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडली, ती प्लॉट गेल्यावर पुन्हा भरली. नवं गिऱ्हाईक लोखंडी पाइपांचं गोडाऊन करणारं. त्यांना आम्ही पहिल्याच भेटीत सगळे अहवाल दिले, सहा इंच जाडीचा गठ्ठा. त्यांनी भाव पाडून मागितला, आम्ही दिला. करारात तीन गोष्टी लिहून घेतल्या: त्या कोपऱ्यात खोदकाम नाही, नवी बोअर नाही, आणि तिन्ही पायझोमीटरपर्यंत आम्हाला वाट.

हस्तांतरणानंतर महिन्याभरात, २४ जुलै २०२५ रोजी, दूषित स्थळांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम अधिसूचित झाले. आता जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी वर्षातून दोनदा द्यायची, मंडळानं नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, जबाबदार कोण ते ठरवून खर्च त्याच्याकडून घ्यायचा. भावानं मला त्याची पीडीएफ पाठवली, खाली फक्त एक कपाळावर हात मारणारं चित्र. आम्हाला काय करायचं ते कोणी लिहून दिलं असतं तर निदान दीड वर्ष वाचलं असतं. तुम्ही आता सुरू करत असाल तर आधी तेच वाचा.

तात्या गेल्या दिवाळीत भेटले. प्लॉट विकला म्हटल्यावर म्हणाले, शेवगा तेव्हाच का जगला नाही ते आता कळलं.

केळीबागेच्या विहिरीत परवाच्या नमुन्यात अल्फा ०.०२ आला. मर्यादेच्या दुप्पट, म्हणून पत्रा आणि जार तसेच. काका स्वतः बाटली धरून उभे होते आणि बर्फ कमी आहे म्हणून मुलावर ओरडत होते. पुढचा नमुना जानेवारीत. त्याआधी दोन नंबरच्या पायझोमीटरच्या कुलपात तेल सोडायचं आहे. पावसात गंजलंय, किल्ली फिरत नाही.